काळजाचा ठोका चुकतो तेव्हा : धडधाकट तरुणांच्या अनियमित हृदयाचा इतिहास

१/
'काळजाचा ठोका चुकला' असे मराठीत म्हटले की ऐकणाऱ्याच्या मनात भीती उभी राहते, रोग नव्हे. पण एखाद्या धडधाकट तरुणाच्या छातीत कोणत्याही कारणाविना धडधड सुरू झाली, नाडी मध्येच अडखळली, एखादा ठोका खरोखरच गळाल्यासारखा वाटला, तर ते काय समजावे? हृदयाचा विकार, मनातली भीती, की निरोगी हृदयाचीच एक सवय? वैद्यकाला या तिन्ही गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या करण्यास शंभराहून अधिक वर्षे लागली. त्या काळात या प्रश्नाच्या उत्तरावर असंख्य तरुणांची नोकरी, निवृत्तिवेतन आणि प्रसंगी प्राणही अवलंबून होते. त्या शंभर वर्षांचा हा धागा.

२/
प्रारंभी हृदयाची रचना थोडक्यात. हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांना अलिंद आणि खालच्या दोन कप्प्यांना निलय म्हणतात. उजव्या अलिंदातील पेशींचा एक लहानसा पुंजका ठरावीक गतीने विद्युत् संदेश निर्माण करतो. अलिंद आणि निलय यांच्या मध्ये वीज न वाहणाऱ्या ऊतीचा पडदा असतो व संदेशाला खाली जाण्यासाठी त्यात एकच दरवाजा असतो. या दरवाजापाशी संदेश क्षणभर थबकतो, आणि तेवढ्या अवधीत निलय रक्ताने भरून घेतात. हा एकच दरवाजा ध्यानात ठेवावा. पुढील कथेत त्याला फार महत्त्व आहे.

३/
एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात वैद्यांना यातले काहीच ठाऊक नव्हते. मनगटावर ठेवलेले बोट आणि १८१६ मध्ये लेनेक या फ्रेंच वैद्याने शोधलेला स्टेथोस्कोप, एवढीच त्यांची साधने. नाडी अनियमित लागली किंवा हृदयाच्या ध्वनीत थोडी घरघर ऐकू आली की हृदय बिघडले, असा निष्कर्ष काढला जाई. उपाय म्हणजे विश्रांती, श्रमांना मनाई आणि डिजिटॅलिससारखी औषधे. अशा वेळी हृदयरोगी ठरलेल्या तरुणाचे पुढे काय होते, हे वर्षानुवर्षे पाहत राहण्याची पद्धतच नव्हती.

४/
या प्रश्नाकडे प्रथम गांभीर्याने पाहिले ते सैन्यांनी, आणि त्याचे कारण व्यावहारिक होते. तरुण, निवडून घेतलेले, धट्टेकट्टे शिपाई हृदयाच्या तक्रारींमुळे निकामी ठरू लागले होते. ब्रिटिश लष्करी वैद्यक शाळेतील प्राध्यापक मॅक्लीन यांनी १८६७ मध्ये पाठीवरच्या ओझ्याला आणि छातीवर आवळणाऱ्या पट्ट्यांना दोष दिला. १८७० मध्ये आर्थर मायर्स या लष्करी शल्यवैद्याने घट्ट गणवेशाकडे बोट दाखवले. म्हणजे कारण शरीराबाहेर शोधले जात होते: पट्टा सैल करा, हृदय आपोआप सुधारेल.

५/
याच सुमारास अटलांटिकच्या पलीकडे एक वैद्य याच तक्रारींनी गांजलेल्या शिपायांच्या नोंदी करत होता. जेकब मेंडिस दा कोस्टा (१८३३–१९००) यांचा जन्म कॅरिबियन समुद्रातील सेंट थॉमस बेटावर झाला. पुढे ते फिलाडेल्फियातील नामांकित वैद्य झाले. अमेरिकी यादवी युद्धाच्या काळात तेथील टर्नर्स लेन रुग्णालयात त्यांच्याकडे विचित्र रुग्ण येऊ लागले. जखम नाही, ताप ओसरलेला, खाणेपिणे ठीक; पण जरा श्रम झाले की छाती धडधडे, दुखे, दम लागे, चक्कर येई, झोप उडे. नाडी फार जलद चाले आणि काहींच्या बाबतीत अनियमितही.

६/
दा कोस्टा यांनी तीनशेहून अधिक रुग्ण पाहिले. युद्ध संपल्यावर, १८७१ मध्ये, त्यांनी यावर प्रदीर्घ निबंध प्रसिद्ध केला आणि या अवस्थेला 'चिडखोर हृदय' अशा अर्थाचे नाव दिले. लांबलचक कूच, अतिसार आणि ज्वर ही त्यांना आढळलेली प्रमुख कारणे. महिनाभराचा ताप किंवा जुलाब सोसून उठलेला शिपाई पुन्हा पलटणीत दाखल होई, बरोबरीच्यांसोबत धावू लागे आणि त्याला जाणवे की आपले हृदय आता पूर्वीसारखे साथ देत नाही.

७/
या निबंधाचे महत्त्व एका शब्दात आहे. दा कोस्टा यांनी या विकाराला 'कार्यात्मक' म्हटले. म्हणजे हृदयाची घडण शाबूत आहे, झडपा ठीक आहेत, बिघाड आहे तो चालण्यात. त्यांनी या शिपायांना ढोंगी ठरवले नाही आणि मरणासन्नही ठरवले नाही. मात्र जलद नाडी आणि अनियमित नाडी, श्रमाने येणारी धडधड आणि बसल्या जागी अकस्मात सुरू होणारी धडधड हे सारे त्यांच्या एकाच नावाखाली गोळा झाले. ते वेगळे करण्याचे साधन १८७१ मध्ये कोणापाशीच नव्हते.

८/
ते साधन घडले इंग्लंडमधील एका गिरणगावात. जेम्स मॅकेन्झी (१८५३–१९२५) हे स्कॉटिश डॉक्टर १८७९ पासून लँकेशायर परगण्यातील बर्नली येथे साधी खासगी प्रॅक्टिस करत होते. कापडगिरण्यांतले कामगार, त्यांच्या बायका, त्यांची मुले हे त्यांचे रुग्ण. त्यांच्या देखरेखीखालील एक तरुण स्त्री बाळंतपणात हृदयविकाराने दगावली. तिला असलेला धोका आपल्याला आधी ओळखता आला नाही, या जाणिवेने ते हृदयाच्या अभ्यासाकडे वळले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात.

९/
मॅकेन्झींनी मनगटाची नाडी आणि मानेच्या शिरेतील स्पंदन एकाच कागदपट्टीवर एकाच वेळी उमटवणारे यंत्र तयार केले. जवळच्याच गावातील शॉ नावाच्या घड्याळजीच्या मदतीने त्यांनी त्याला शाईची लेखणी जोडली. यंत्राची युक्ती साधी होती. मनगटाची नाडी खालच्या कप्प्यांचे काम दाखवते आणि मानेची शीर वरच्या कप्प्यांचे. दोन्ही रेषा शेजारी ठेवल्या की ठोका कोठे अडखळला ते दिसू लागते. एका बोटाला शतकानुशतके न कळलेली गोष्ट आता कागदावर उतरू लागली.

१०/
त्या कागदपट्ट्यांतून मॅकेन्झींनी अनियमिततेचे तीन प्रकार वेगळे केले. पहिला तरुणांचा: श्वास आत घेताना नाडी जलद, सोडताना मंद. हा तर निरोगीपणाचाच भाग. दुसरा प्रौढांमध्ये अधिक आढळणारा: नियमित ठोक्यांच्या मध्येच एखादा आगंतुक ठोका. तिसरा धोक्याचा: नाडीत कोणताच क्रम न उरलेला. अलिंदांच्या विस्कळीत थरथरीमुळे हा प्रकार उद्भवतो, हे पुढे सिद्ध झाले. आजवर 'अनियमित नाडी' म्हणून जी एकच भीती होती, तिचे असे तीन वेगळे अर्थ निघाले.

११/
'ठोका चुकला' असे वाटते तेव्हा प्रत्यक्षात काय घडते, त्याचाही उलगडा येथेच होतो. हृदयाच्या एखाद्या भलत्याच भागातून संदेश वेळेआधी निघतो. हृदय पुरते भरण्याआधीच आकुंचन पावते, त्यामुळे तो ठोका दुबळा पडतो आणि पुष्कळदा मनगटापर्यंत पोहोचतही नाही. त्यानंतर थोडी दीर्घ विश्रांती. तेवढ्या वेळात हृदय नेहमीपेक्षा अधिक भरते आणि पुढचा ठोका छातीवर आतून धक्का मारल्यासारखा पडतो. म्हणजे माणसाला गळालेला वाटतो तो ठोका खरे तर लवकर येऊन गेलेला असतो.

१२/
यंत्राहून मोठे होते ते मॅकेन्झींचे सातत्य. एकाच गावात पंचवीसहून अधिक वर्षे राहिल्यामुळे एकाच रुग्णाकडे ते पुन:पुन्हा पाहू शकले. आगंतुक ठोके असलेले कित्येक स्त्रीपुरुष वर्षानुवर्षे गिरणीत राबत होते, संसार करत होते. त्यांना काहीही झाले नव्हते. यावरून मॅकेन्झींनी काढलेला निष्कर्ष आपल्याच व्यवसायाला बोचणारा होता: निरुपद्रवी लक्षणाला रोग म्हणून डॉक्टर धट्ट्याकट्ट्या माणसांना आयुष्यभराचे रोगी करून ठेवतात. १९०२ मध्ये त्यांचा नाडीवरील ग्रंथ आला. १९०७ मध्ये ते लंडनला गेले.

१३/
दरम्यान हॉलंडमधील लायडन येथे विलेम आइन्थोव्हेन यांनी हृदयाची वीज थेट मोजणारे तारेचे गॅल्व्हानोमीटर सिद्ध केले होते. आजच्या ईसीजीचा हा पूर्वज शेकडो किलो वजनाचा होता आणि तो चालवायला अनेक माणसे लागत. लंडनमध्ये थॉमस लुईस (१८८१–१९४५) या तरुण वैद्याने ते यंत्र हाती घेतले. १९०९ मध्ये त्यांनी दाखवून दिले की मॅकेन्झींचा तिसरा, धोक्याचा प्रकार म्हणजे अलिंदांची थरथर होय. गिरणगावातील शाईची लेखणी आणि लंडनमधील विजेची तार यांची साक्ष जुळली.

१४/
हे ज्ञान कसोटीला लागले १९१४ मध्ये. पहिल्या महायुद्धात ब्रिटनला लाखो तरुणांची भरती करायची होती. भरतीच्या तपासणीत नाडी अडखळली किंवा घरघर ऐकू आली म्हणून तरुण नाकारले जात. दुसरीकडे आघाडीवरून शिपाई परत येत होते तेच दा कोस्टांचे गाऱ्हाणे घेऊन: धडधड, धाप, छातीत दुखणे, घेरी. त्यांच्या कागदपत्रांवर दोन शेरे पडत: 'हृदयाची बिघडलेली क्रिया' किंवा 'झडपांचा विकार'. हा शेरा मिळालेला शिपाई महिनोन्‌महिने खाटेवर पडून राही.

१५/
१९१६ मध्ये लंडनच्या हॅम्पस्टेड भागात अशा शिपायांसाठी खास लष्करी हृदय रुग्णालय सुरू झाले. पुढच्याच वर्षी ते कोल्चेस्टर येथे अधिक मोठ्या जागी हलवले गेले. काम पाहत होते लुईस. सल्लागारांत स्वतः मॅकेन्झी होते. तरुण डॉक्टरांत जॉन पार्किन्सन हे इंग्रज होते, आणि पुढे काही अमेरिकी डॉक्टरही आले. तेथे शिपायांना तपासताना एक गोष्ट स्पष्ट झाली: 'झडपांचा विकार' असा शेरा असलेल्या अनेकांच्या झडपा उत्तम होत्या.

१६/
लुईस यांनी खाटेऐवजी मैदान निवडले. शिपायांना श्रेणीबद्ध कवायत दिली जाई. आज सोपी, काही दिवसांनी थोडी अवघड. जो चढत्या श्रेणी पार करी तो कामावर परत जाई. ज्याला ते साधत नसे त्याला हलके काम किंवा सुट्टी. डिजिटॅलिसने या रुग्णांना काही लाभ होत नाही, हेही लक्षात आले. निदानाचा आधार आता छातीतला आवाज नव्हता. माणूस श्रम कितपत झेलतो, हा होता. १९१७ च्या अहवालात लुईस यांनी या अवस्थेला 'श्रमलक्षणसमूह' या अर्थाचे नाव दिले, कारण निरोगी माणसाला प्रचंड श्रमानंतर जे जाणवते तेच या शिपायांना थोड्या श्रमाने जाणवत होते.

१७/
या सुधारणेला दुसरी बाजूही होती. सरकारला माणसे हवी होती आणि निवृत्तिवेतनाचा बोजा नको होता. हृदय निरोगी आहे हा निष्कर्ष शास्त्रीय दृष्ट्या बरोबर होता, आणि तो तिजोरीच्याही सोयीचा होता. खंदकातून आलेल्या तरुणाला 'तुझ्या हृदयाला काही झालेले नाही' असे सांगणे सत्य होते. तुला काहीच झालेले नाही, असा त्याचा अर्थ मात्र होत नव्हता. हा फरक रुग्णालयातील डॉक्टरांना कळत असला, तरी कागदावरच्या शेऱ्यात तो उतरत नसे.

१८/
दुसऱ्या महायुद्धात हाच प्रश्न पुन्हा उभा राहिला. १९४१ मध्ये पॉल वुड या हृदयतज्ज्ञाने दा कोस्टांच्या रुग्णांसारख्याच शिपायांचा अभ्यास मांडला. त्यांच्या मते ही लक्षणे श्रमाच्या परिणामांपेक्षा भीतीच्या परिणामांशी अधिक जुळतात. गणवेशाच्या पट्ट्यापासून निघालेला शोध अशा रीतीने मनापर्यंत येऊन पोहोचला. काळजाचा ठोका भीतीने चुकतो, हे भाषेचे जुने म्हणणे वैद्यकाने मान्य केले. पुष्कळ शिपायांच्या बाबतीत ते खरेही होते. सगळ्यांच्या बाबतीत मात्र नव्हते.

१९/
त्याआधी १३ वर्षे, २ एप्रिल १९२८ रोजी, बॉस्टन येथे पॉल डडली व्हाइट यांच्याकडे ३५ वर्षांचा एक व्यायामशिक्षक आला होता. शरीर कसलेले, रोग कोणताही नाही. पण अधूनमधून अकस्मात हृदय सुसाट धावू लागे. व्हाइट हे १९१३ मध्ये लंडनला जाऊन लुईस यांच्याच हाताखाली ईसीजी शिकून आले होते. त्यांनी आलेख काढला आणि तो त्यांना कोड्यात टाकणारा निघाला. अलिंदांकडून निलयांकडे जाणारा संदेश दरवाजापाशी थांबतच नव्हता, आणि निलयांच्या ठोक्याचा आकारही विचित्र होता. त्याहून नवल म्हणजे व्यायाम केल्यावर आलेख बिघडण्याऐवजी सुधारत होता.

२०/
व्हाइट तो आलेख घेऊन युरोपला गेले. लंडनमध्ये त्यांनी तो जॉन पार्किन्सन यांना दाखवला. हे तेच, महायुद्धात शिपायांची हृदये तपासणारे. पार्किन्सन यांनी आपल्या जुन्या नोंदी चाळल्या आणि तसेच आणखी आलेख निघाले. बॉस्टनमध्ये व्हाइट यांचे सहकारी लुईस वुल्फ यांनीही काही गोळा केले. १९३० मध्ये तिघांनी मिळून ११ रुग्णांवर लेख लिहिला. अकस्मात धडधडीचे झटके येणारे निरोगी तरुण, असा उल्लेख त्या लेखाच्या शीर्षकातच होता. पुढे ही अवस्था तिघांच्या नावांनी ओळखली जाऊ लागली: वुल्फ-पार्किन्सन-व्हाइट.

२१/
रहस्य होते दुसऱ्या धाग्यातील त्या एकाच दरवाजात. या लोकांच्या हृदयात जन्मतःच आणखी एक चोरवाट असते: स्नायूचा एक बारीक तंतू, जो मधला पडदा ओलांडून अलिंदाला निलयाशी थेट जोडतो. या वाटेवर थांबा नाही. संदेश कधी मुख्य दरवाजाने खाली उतरतो, चोरवाटेने वर चढतो, पुन्हा खाली येतो आणि हे चक्र सुरू झाले की हृदय मिनिटाला दोनशेच्या आसपास ठोके घेऊ लागते. मग जसे अकस्मात सुरू झाले तसेच ते अकस्मात थांबते. डॉक्टरकडे पोहोचेपर्यंत नाडी सुरळीत झालेली असते. अशा रुग्णाला 'घाबरट' ठरवणे फार सोपे होते.

२२/
असा तंतू १९४३ मध्ये एका मृत रुग्णाच्या हृदयात सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष दाखवला गेला. धोका कोठे आहे, हेही हळूहळू उमगले. अशा माणसाच्या अलिंदांत थरथर सुरू झाली, तर ते शेकडो विस्कळीत संदेश थांबा नसलेल्या वाटेने थेट निलयांवर कोसळतात. असे क्वचित घडते. घडले तर जिवावर बेतू शकते. १९६८ मध्ये अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात विल सीली यांनी नॉर्थ कॅरोलिनातील एका तरुण कोळ्याची छाती उघडून ती चोरवाट शोधली आणि छेदली. त्याचे झटके थांबले. मनाचे दुखणे सुरीने कापता येत नाही. हा पुरावा निर्विवाद होता.

२३/
दरम्यान एक मूलभूत प्रश्न शिल्लकच होता. निरोगी तरुणाचे हृदय दिवसभरात किती वेळा अडखळते? दवाखान्यातला आलेख काही सेकंदांचा. अमेरिकेच्या मोंटाना राज्यातील नॉर्मन हॉल्टर यांनी चालत्याफिरत्या माणसाचा आलेख टिपण्याचा ध्यास घेतला. त्यांचे सुरुवातीचे यंत्र पाठीवर बांधावे लागे आणि त्याचे वजन ३५ किलोंहून अधिक होते. १९६१ मध्ये त्यांनी या पद्धतीची सविस्तर माहिती प्रसिद्ध केली, तोवर यंत्र पुष्कळच लहान झाले होते. आता हृदयाचे अख्खे चोवीस तास वाचता येऊ लागले.

२४/
१९७७ मध्ये हृदयाची कोणतीही तक्रार नसलेल्या ५० तरुण वैद्यकीय विद्यार्थ्यांवर हे यंत्र चोवीस तास लावल्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. निम्म्या विद्यार्थ्यांत निलयांतून निघालेला किमान एक आगंतुक ठोका सापडला. अलिंदांतून निघालेले आगंतुक ठोके निम्म्याहून अधिक जणांत. झोपेत तर अनेकांची नाडी एरवी काळजी वाटावी इतकी मंदावत होती. १९८५ मध्ये आणखी एक अभ्यास आला. अतिशय वारंवार आगंतुक ठोके येणाऱ्या, पण निरोगी अशा ७३ माणसांचा सरासरी साडेसहा वर्षे मागोवा घेतला, तेव्हा त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण वाढलेले दिसले नाही. बर्नलीच्या डॉक्टरने गिरणी कामगारांकडे पाहून जे ओळखले होते, त्याला आकड्यांचा आधार मिळाला.

२५/
इथेच कथा संपली असती तर 'घाबरू नका' एवढाच तिचा बोध झाला असता. पण १८५६ मधील एक नोंद त्या बोधाला अडवते. लाइपझिग येथील मायस्नर या वैद्याने एका कर्णबधिर मुलीची हकीकत लिहून ठेवली. शाळेत सर्वांसमोर दटावले जात असता ती कोसळली आणि जागीच मरण पावली. आईवडिलांना फारसे आश्चर्य वाटले नाही. त्यांची आणखी दोन मुले अशीच गेली होती, एक भीतीच्या आणि एक संतापाच्या भरात.

२६/
सुमारे १०० वर्षांनंतर, १९५७ मध्ये, नॉर्वेतील येर्वेल आणि लांगे-निल्सन यांनी एका कुटुंबाचा वृत्तान्त दिला. सहा भावंडांपैकी चौघे कर्णबधिर. चौघांनाही शुद्ध हरपण्याचे झटके. त्यांपैकी तिघे अकस्मात दगावलेले. त्यांच्या आलेखात प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाला विद्युत् दृष्ट्या सावरायला नेहमीपेक्षा फार वेळ लागत होता. तो सावरण्याआधी भीतीची किंवा श्रमाची लाट आली की लय कोलमडते. हा दोष आनुवंशिक असतो, आणि श्रवण उत्तम असलेल्यांमध्येही तो आढळतो. येथे ठोका भीतीनेच चुकत होता, पण कारण मनाचे दौर्बल्य नव्हते.

२७/
१९९१ मध्ये वॉरन जॅकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडीच्या शिरेतून बारीक नळी हृदयापर्यंत नेऊन, विद्युत्‌लहरींच्या उष्णतेने चोरवाट जाळण्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. १६६ रुग्णांपैकी १६४ जणांची चोरवाट बंद झाली. छाती उघडण्याची गरज उरली नाही. व्यायामशिक्षकाला १९२८ मध्ये आयुष्यभर जे बाळगावे लागणार होते, ते आता काही तासांत कायमचे दूर होऊ लागले. उपाय इतका सोपा झाल्यावर सारा भार एकाच गोष्टीवर आला: रुग्णाचे म्हणणे कोणी खरे मानते की नाही.

२८/
त्याचे उत्तर १९९७ मधील एका अमेरिकी अभ्यासात आहे. अकस्मात धडधडीचा विकार पुढे निश्चित झालेल्या १०७ रुग्णांची पूर्वपीठिका तपासली गेली. त्यांपैकी ५९ जणांचा विकार पहिल्या तपासणीत ओळखलाच गेला नव्हता. या ५९ मधील निम्म्याहून अधिक जणांना डॉक्टरांनी ताण, चिंता किंवा भीतीचे झटके असे कारण सांगितले होते. स्त्रियांमध्ये हे प्रमाण ६५ टक्के होते, पुरुषांमध्ये ३२ टक्के. दा कोस्टांनी ज्याला विकार मानून ऐकून घेतले तो शिपाई पुरुष होता. तेच गाऱ्हाणे स्त्रीने सांगितले की ते तिच्या स्वभावात जमा होई.

२९/
या इतिहासात दोन चुका आलटून पालटून घडताना दिसतात. एका पिढीने अडखळणारी नाडी पाहून निरोगी तरुणांना खाटेवर निजवले. त्या चुकीवर उतारा म्हणून आलेल्या पिढीने हृदय निरोगी आहे असे सांगता सांगता खऱ्या रुग्णांनाही घरी पाठवले. दोन्ही वेळा डॉक्टर अज्ञानी नव्हते. उपलब्ध ज्ञान त्यांनी सर्वांवर सरसकट लावले. मॅकेन्झी आणि व्हाइट वेगळे ठरतात ते येथे. एकाने तोच रुग्ण वीस वर्षे पाहिला. दुसऱ्याने न जुळणारा एक आलेख फेकून न देता समुद्रापार नेला.

३०/
आज तरुणांच्या मनगटावरील घड्याळच नाडीची अनियमितता नोंदवते आणि मध्यरात्री सूचना देते. प्रश्न मात्र दा कोस्टांच्याच काळचा आहे: याचा अर्थ काय? शंभराहून अधिक वर्षांच्या अनुभवातून काही खुणा ठरल्या आहेत. निरोगी तरुणाला अधूनमधून जाणवणारा एखादा आगंतुक ठोका बहुधा निरुपद्रवी असतो. पण श्रम करताना किंवा दचकल्यावर शुद्ध हरपणे, घरात कोणाचा तरुण वयात अकस्मात मृत्यू झालेला असणे, धडधड एकदम सुरू होऊन एकदम थांबणे, यांपैकी काही असेल तर ईसीजी काढून डॉक्टरांना दाखवणे आवश्यक ठरते. ही खूण ठरवण्यासाठी लाइपझिगच्या शाळेतील त्या मुलीपासून कित्येकांचे प्राण खर्ची पडले आहेत.

(समाप्त)